रस्त्यावर पडलेलं संगीत

एखाद्या संगीतकाराच्या निधनाची बातमी छापून यायला आठ महिने लागले, एवढं सांगितलं की त्याचे अखेरचे दिवस कसे गेले असतील ते कळतं. अमेरिकेतला ज्युलियस ईस्टमन २८ मे १९९० ला बफेलो शहरात वारला. 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकात काइल गॅन या समीक्षकाने मृत्युलेख लिहिला तो जानेवारी १९९१ मध्ये.

ईस्टमन पियानो वाजवायचा, गायचा, संगीतरचना करायचा. कृष्णवर्णीय असल्याने त्या वर्तुळात तो जवळजवळ एकटाच होता. थोडेसे स्वर घ्यायचे, ते पुनःपुन्हा वाजवायचे आणि हळूहळू बदलायचे, अशी एक चाल तिकडे १९६० नंतर रुजली होती. टेरी रायलीच्या १९६४ च्या प्रसिद्ध रचनेत फक्त ५३ छोटे तुकडे आहेत. प्रत्येक वादकाने प्रत्येक तुकडा हवा तितका वेळ वाजवायचा आणि पुढे सरकायचं. (हाच रायली पुढे किराणा घराण्याच्या पं. प्राणनाथांचा शिष्य झाला. आपल्या मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं घराणं ते!) ईस्टमनची रीत त्याहून निराळी. आधीचं सगळं पोटात घेऊन रचना पुढे जाते, नवं येतं, जुनं हळूच गळतं. त्याच्या १९७४ च्या 'फेमिनीन'मध्ये तासाभराहून अधिक वेळ घुंगरांसारखा आवाज अखंड चालू राहतो.

१९८० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याला न्यूयॉर्कमधल्या घरातून बाहेर काढलं गेलं. सामान गेलं, त्यात स्वरलेखनाचे कागदही गेले.

१९९८ मध्ये मेरी जेन लीच या संगीतकार बाईंना त्याची दहा चेलोंसाठीची रचना हवी होती. ती मिळेना, म्हणून त्यांनी शोध सुरू केला. माणसं गाठली, जुन्या टेप मिळवल्या. २००५ मध्ये तीन सीडींचा संच निघाला. त्या चेलोच्या रचनेचा कागद मात्र सापडलाच नाही. क्लॅरिस जेन्सन या चेलोवादिकेने ध्वनिमुद्रण ऐकून ती पुन्हा लिहून काढली. मे २०१७ मध्ये फिलाडेल्फियात फक्त ईस्टमनच्या संगीताचा महोत्सव झाला, आणि २०१८ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या 'द किचन'मध्ये. ती चेलोची रचना १९८१ मध्ये तिथेच वाजली होती.

पण टेपवरून लिहिलेलं ते संगीत पूर्णपणे त्याचं म्हणायचं का? तो वादकांना कितीतरी गोष्टी तोंडी सांगायचा. भातखंड्यांनी उस्तादांकडून बंदिशी मिळवून स्वरलिपीत छापल्या, तेव्हाही हाच प्रश्न होता. गळ्यातलं सगळं कागदावर उतरत नाही. तरी छापल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. अपुरं का होईना, राहिलं ते महत्त्वाचं. ईस्टमनला महोत्सव मिळाला तो मरणानंतर सत्तावीस वर्षांनी. तोही कुणीतरी टेप फेकून दिल्या नाहीत म्हणून.

तेव्हा मंडळी, घरात कुणा गाणाऱ्या काका-आत्याची वही किंवा जुनी कॅसेट असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा.