सणाच्या पानातला शिळा पाव



स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासावर लिहा," असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम हातच जोडले. इतिहास म्हणजे राजेरजवाडे, लढाया आणि तह. ते लिहावयास विद्वान मंडळी आहेत. पण जिचा जन्म चुलीपाशी गेला तिला चुलीचा इतिहास सांगता येईल, असे मागाहून वाटले. म्हणून एका परदेशी पदार्थाची हकीकत लिहीत आहे. तिच्या शेवटी मंडळापुढे एक मागणे मांडावयाचे आहे, हे आधीच सांगून ठेवते.

२०१८ साली मी मुलीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला गेले होते. १८८३ साली आनंदीबाई जोशी याच राज्यातील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात राहावयास गेल्या आणि तेथेही त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही, हे आपण वाचलेलेच आहे. नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारी तिकडे ‘थँक्सगिव्हिंग’ म्हणजे कृतज्ञतेचा सण असतो. शेजारच्या वृद्ध बाईंनी आम्हां सर्वांना जेवावयास बोलावले. त्या पानातला मुख्य पदार्थ म्हणजे भाजलेला टर्की पक्षी. मी मनातून धास्तावले. मुलगी म्हणाली, "अगं आई, काळजी करू नकोस. त्या तुझ्यासाठी स्टफिंग वेगळं करणार आहेत."

स्टफिंग म्हणजे सारण. पक्ष्याच्या पोटात भरतात म्हणून ते नाव. दक्षिणेकडच्या राज्यांत त्यालाच ‘ड्रेसिंग’ म्हणतात. आता पुष्कळ घरी ते पक्ष्यात न भरता निराळ्या भांड्यात भाजतात. पोटात भरलेल्या सारणात कच्च्या मांसाचा रस उतरतो, त्यामुळे ते आतपर्यंत १६५ अंश फॅरनहाइट तापले नाही तर बाधण्याची भीती असते. म्हणजे करंजीची पारी बाजूला ठेवून नुसते सारणच वाढावे, तसा हा प्रकार. तो कसा करतात हे पाहावे म्हणून मी आदल्या दिवशीच त्यांच्या स्वयंपाकघरात गेले.

बाईंनी सुमारे एक पौंड पावाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून रात्रभर परातीएवढ्या थाळ्यात उघडे ठेवले. "वाळतील की," मी म्हटले. "वाळलेच पाहिजेत," त्या म्हणाल्या. ताज्या मऊ पावावर पाणी ओतले की त्याचा लगदा होतो. वाळलेला तुकडा मात्र रस पिऊन घेतो आणि तरी आपला आकार राखतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाव पौंड लोण्यावर दोन कांदे आणि सेलरीचे चार दांडे बारीक चिरून परतले. सेलरी म्हणजे आपल्या ओव्या-कोथिंबिरीच्याच कुळातली भाजी. मग पार्सली, सेज, थाइम असा पाला चिरून पडू लागला. शेवटच्या जुडीचा वास येताच मी चमकले. तो आपला मरवा होता! जो आपण वेणीत माळतो, तो त्या पावात घालतात. सेज आणि थाइम हीही मरव्याची, आणि आपल्या तुळशी-पुदिन्याचीही, भावंडेच. हे सारे पावात मिसळून त्यांनी माझ्यासाठी भाज्यांचे अडीच कप पाणी उकळून त्यावर शिंपडले, एरवी तेथे कोंबडीचे पाणी असते. अंडे त्यांनी घातले नाही. मग भांडे झाकून ३५० अंशांवर अर्धा तास, आणि वरचा थर कुरकुरीत होण्यासाठी उघडे आणखी पंधरा-वीस मिनिटे भाजले.

पहिला घास घेतला आणि मला आपली फोडणीची पोळी आठवली. तोच शिळेपणा, तोच कांदा आणि तोच उरलेले वाया न घालवण्याचा गृहिणीचा हिशेब. फरक एवढाच, की आपण कुस्करा सकाळी घरच्या घरी खाऊन टाकतो, पाहुण्यापुढे ठेवीत नाही. त्यांनी तो सणाच्या पानात मानाने बसवला आहे.

बाईंच्या हाताशी एक जुने, लोण्याचे डाग पडलेले कार्ड होते. त्यावर ही कृती होती. माथ्यावर त्यांच्या आईचे नाव आणि खाली कोपऱ्यात आजीचे. ते पाहून माझे कुतूहल जागे झाले आणि मी या सारणाचा मागोवा घेऊ लागले.

भरल्या पदार्थांची परंपरा फार जुनी. ॲपिसियसच्या नावाने चालत आलेल्या रोमन पाकग्रंथातही पक्ष्यांत आणि प्राण्यांत सारण भरण्याच्या कृती आहेत. टर्की पक्षी मात्र मूळ अमेरिका खंडातला. १६२१ साली प्लिमथ येथे इंग्रज वसाहतवाले आणि तेथील मूळचे वाम्पानोआग लोक यांनी तीन दिवस एकत्र भोजन केले, आणि या सणाचे मूळ तेथे सांगतात. पण त्या वेळच्या लेखांत पावाच्या सारणाचा उल्लेख नाही. त्यांचे मुख्य धान्य मका होते. ज्यांची जमीन पुढे गेली त्या मूळ रहिवाशांपैकी अनेकजण १९७० पासून हाच दिवस प्लिमथला शोकदिन म्हणून पाळतात, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पावाचे सारण छापील स्वरूपात अमेरिकन स्त्रीच्या हातून आले ते १७९६ साली. हार्टफर्ड गावी अमेलिया सिमन्स या बाईचे ‘अमेरिकन कुकरी’ हे लहानसे पुस्तक निघाले. अमेरिकन व्यक्तीने लिहून अमेरिकेत छापलेले ते पहिले पाकशास्त्र मानतात. त्यात टर्कीत भरण्याचे सारण आहे. गव्हाचा पाव किसावा, लोणी, खारवलेले डुकराचे मांस आणि दोन अंडी घालावी, मरवा, सेव्हरी, पार्सली आणि सेज मिसळावे, पक्ष्यात भरून शिवून टाकावे. दोनशे वर्षांपूर्वीची ही कृती आणि बाईंचे ते कार्ड यांत मांस आणि अंडी सोडली तर फारसे अंतर नाही.

या अमेलियाबाई अनाथ होत्या. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी आपली ओळख ‘एक अमेरिकन अनाथ’ अशीच दिली आहे. पुस्तक छापण्याजोगे लिहिण्याइतके शिक्षण त्यांना नव्हते. म्हणून त्यांनी एका व्यक्तीला ते काम दिले. त्या व्यक्तीने कृतींतील महत्त्वाच्या वस्तू गाळल्या आणि भलत्याच घातल्या. अमेलियाबाईंनी पुढे निवेदन जोडून ही तक्रार जाहीर केली आणि चुका दुरुस्त केल्या. माझ्या मते त्या पुस्तकातले सर्वांत मोलाचे पान तेच. एक अनाथ, अल्पशिक्षित बाई भर छापखान्यात सांगते, की ही कृती माझी आहे आणि ती चुकीची छापली गेली आहे!

दुसरी बाई सारा हेल. १८२२ साली पाच मुलांसह त्यांना वैधव्य आले. लेखणीवर त्यांनी संसार चालवला. ‘मेरी हॅड अ लिटल लॅम्ब’ हे बालगीत त्यांचेच. १८२७ च्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरीत त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचे सविस्तर वर्णन केले, आणि त्यात मानाच्या जागी टर्की व तिच्या सारणाचा दरवळ आहे. पुढे स्त्रियांच्या एका मासिकाच्या संपादिका म्हणून त्यांनी, हा सण साऱ्या देशाने एकाच दिवशी पाळावा यासाठी सुमारे १७ वर्षे लेख आणि पत्रे लिहिली. अखेर यादवी युद्ध पेटलेले असताना, सप्टेंबर १८६३ मध्ये त्यांनी अध्यक्ष लिंकन यांना पत्र धाडले, आणि ३ ऑक्टोबरला लिंकन यांनी तसा जाहीरनामा काढला. सणाची गोष्ट निघाली की लिंकन सर्वांना आठवतात, हेलबाई थोड्यांनाच.

तिसरी बाई आपल्या काळातली, रूथ सीम्स. त्या एका मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीत नोकरीस होत्या. उकळते पाणी घालताच पाच मिनिटांत तयार होणारे डब्यातले सारण, ‘स्टोव्ह टॉप’, १९७२ साली बाजारात आले. त्याच्या १९७५ च्या पेटंटवर चार नावे आहेत, त्यांत पहिले सीम्सबाईंचे. सारी खुबी पावाच्या तुकड्याच्या आकारात होती. तुकडा फार लहान केला तर लगदा, फार मोठा केला तर खडे. लाखो घरांत तो डबा गेला, पण करणारीचे नाव बहुतेकांना कळले ते २००५ साली त्या वारल्या तेव्हा वर्तमानपत्रांत आलेल्या मृत्युलेखांतून.

आता मागण्याकडे वळते.

पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्याच मंडळाच्या एका दिवाळी पुस्तिकेत माझ्या सासूबाईंची चकलीची कृती छापली होती. खाली नाव नव्हते. जागा कमी म्हणून सर्वच कृतींची नावे गाळली होती. आणि ‘पाव वाटी मोहन’ याचे छापताना ‘सव्वा वाटी मोहन’ झाले. त्या दिवाळीत कितीजणींच्या चकल्या तेलात विरघळल्या ते जुन्या सभासदांना आठवत असेल. विचारावे तरी कोणाला? कृतीखाली नावच नव्हते. सासूबाईंनी ते छापील पान पाहिले, मिटून ठेवले आणि त्या काही बोलल्या नाहीत. त्यानंतर मात्र त्यांनी कधी कोणाला कृती लिहून दिली नाही, मलाही नाही. भाजणीचे प्रमाण पाहून पाहून माझ्या हाती आले. पण शेवटी त्या मुठीने जे ‘थोडेसे’ काही घालीत, ते त्यांच्याबरोबर गेले.

यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. पीठ मळताना हात माझेही होते आणि नाव नाही म्हणून मीही तक्रार केली नव्हती. घरच्या कृतीला नाव कशाला, असेच तेव्हा वाटे.

म्हणून विनंती अशी. यापुढे मंडळाने कोणतीही कृती छापली तर तिच्याखाली करणारीचे नाव आणि गाव असावे. ती कृती जिच्याकडून तिला आली, आई, सासू वा शेजारीण, तिचेही नाव असावे. छापण्यापूर्वी मजकूर तिला वाचून दाखवावा. वाचता येत नसेल तर अधिक आवर्जून वाचून दाखवावा. चारच ओळींची जागा लागेल.

सुरुवात माझ्यापासून करते. सासूबाईंच्या चकलीची दुरुस्ती, अमेलियाबाईंच्या धड्याने, येथे नोंदवते: भाजणीचे पीठ चार वाट्या, मोहन पाव वाटी. सव्वा नव्हे. त्यांचे नाव आणि माहेरचे गाव कागदावर लिहून चिटणीसबाईंकडे दिले आहे. पुढील दिवाळीच्या पुस्तिकेत ते कृतीखाली छापून येईल, अशी आशा आहे.