मिर्झासाहेबांची पंगत

गालिब म्हटलं की मराठी माणसाला आधी जगजित सिंगांचा आवाज आठवतो. गुलजारांची ती मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आली तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता, पण आमच्या बाबांकडे कॅसेट होती आणि ती रविवारी सकाळी इतक्या वेळा वाजली की अर्थ कळायच्या आधी चाली पाठ झाल्या. त्यामुळे गालिब म्हणजे दुःख, मद्य आणि उधारी ही ओळख आपल्यापैकी बहुतेकांना असते. हा माणूस खाण्याचा, आणि त्याहीपेक्षा चार मित्रांत बसून खाण्याचा किती शौकीन होता, हे कळतं त्यांच्या पत्रांतून. मला उर्दू लिपी येत नाही. मी पत्रं वाचली ती काही देवनागरीतून आणि बरीचशी राल्फ रसेल आणि खुर्शीदुल इस्लाम यांच्या इंग्रजी पुस्तकातून; ऑफिसला जाता-येता, ट्रेनमध्ये.

आधी आपल्या घरची एक गोष्ट सांगून टाकतो. गालिबांचा जन्म २७ डिसेंबर १७९७ चा, आग्र्याचा. त्या वेळी आग्रा कुणाच्या ताब्यात होतं? शिंद्यांच्या! वडील लवकर लढाईत गेले आणि पोराला सांभाळलं ते काका नसरुल्ला बेग यांनी. हे काका मराठ्यांच्या नोकरीत, आग्र्याचे किल्लेदार. १८०३ मध्ये लॉर्ड लेक फौज घेऊन आला, आग्रा इंग्रजांकडे गेलं आणि काकाही त्यांच्या नोकरीत गेले. १८०६ मध्ये काका वारले. मग कुटुंबाला जी पेन्शन बांधून मिळाली, तिच्यात गालिबांच्या वाट्याला वर्षाचे ७५० रुपये येत, म्हणजे महिन्याला ६२ रुपये ८ आणे. आपल्याला मिळायला हवं त्यापेक्षा हे फार कमी आहे, असं त्यांचं जन्मभर म्हणणं होतं. तेव्हा मिर्झासाहेबांच्या ताटाचा जमाखर्च मांडायला बसलं, तर तो मागे मागे जात थेट दौलतराव शिंद्यांच्या दौलतीपर्यंत पोचतो.

ही पेन्शन वाढवून घ्यायला ते कलकत्त्याला गेले. प्रवास लांबचा, वाटेत लखनौ, बनारस असे मुक्काम करत फेब्रुवारी १८२८ मध्ये पोचले. काम काही झालं नाही. (सरकारी अर्ज आणि वाट बघणं म्हणजे काय, हे ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्यांना मी सांगायला नको.) पण कलकत्त्यात त्यांना दोन गोष्टी मिळाल्या: बंगालचे आंबे आणि मैफली. अशाच एका बैठकीत मौलवी करम हुसेन यांनी तळहातावर चिकणी सुपारी ठेवली आणि म्हणाले, हिला उपमा द्या बघू. गालिबांनी तिथल्या तिथे उपमांची रांगच लावली. ती कविता आजही त्यांच्या दीवानात आहे. आंब्यांचं म्हणाल, तर हुगळीच्या इमामबाड्याच्या व्यवस्थापकांना त्यांनी फारसीत एक पत्र लिहिलं. मतलब असा, की मी पोटाचा गुलाम आहे आणि तब्येतीने अशक्तही आहे. मला ताटाची शोभाही हवी आणि जिवाला आरामही हवा, आणि दोन्ही एकत्र फक्त आंब्यात मिळतं. तेव्हा हंगाम संपायच्या आत दोन-तीनदा माझी आठवण ठेवा. फुकट आंबे मागायची इतकी खानदानी पद्धत मी दुसरीकडे वाचलेली नाही.

दिल्लीत त्यांचं घर बल्लीमारानमध्ये, गली कासिमजानमध्ये. लग्न तेराव्या वर्षीच झालेलं. उमराव बेगम अतिशय धार्मिक. नवऱ्याचं पिणं असं, म्हणून त्यांनी आपली खाण्यापिण्याची भांडी वेगळी ठेवली होती. सात मुलं झाली, एकही जगलं नाही. घरातली ही शांतता लक्षात घेतली, की बाहेरच्या बैठकीत रोज जमणाऱ्या मित्रांना एवढं महत्त्व का, ते समजतं.

त्या बैठकीतले किस्से आपल्यापर्यंत आले ते अल्ताफ हुसेन हाली यांच्यामुळे. हाली गालिबांचे शिष्य. त्यांनी ‘यादगार-ए-गालिब’ हे चरित्र १८९७ मध्ये प्रसिद्ध केलं, म्हणजे गालिब गेल्यावर २८ वर्षांनी. एवढ्या काळात किस्से थोडे घासूनपुसून चकचकीत झाले असणार असं मला वाटतं, पण माणसं खरी आहेत.

हकीम रजीउद्दीन खान हे गालिबांचे जिवलग मित्र. त्यांना आंबा आवडत नसे. (असतात अशी माणसं. आमच्या टीममध्येही एक आहे.) एकदा दोघे ओसरीवर बसलेले असताना गल्लीतून एक गाढव गेलं. वाटेत आंब्याच्या साली पडल्या होत्या. गाढवाने हुंगल्या आणि पुढे गेलं. हकीमसाहेबांनी लगेच दाखवून दिलं, की बघा, आंबा गाढवसुद्धा खात नाही. मिर्झासाहेबांनी शांतपणे मान्य केलं, की हो, गाढवं आंबा खात नाहीत.

दुसरा किस्सा लाल किल्ल्यातला. १८५० मध्ये बहादूरशहा जफरने त्यांना तैमूरच्या घराण्याचा इतिहास लिहायचं काम दिलं, महिना ५० रुपये. पुढे १८५४ मध्ये जौक वारल्यावर ते बादशहाचे कवितेतले उस्तादही झाले. किल्ल्यातल्या बागेत बादशहाबरोबर फिरताना गालिब झाडांवरच्या आंब्यांकडे निरखून बघत होते. ते आंबे शाही घराण्यासाठी राखीव. बादशहाने विचारलं, एवढं काय बघता? गालिब म्हणाले, जुनी माणसं सांगतात की दाण्यादाण्यावर खाणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. माझं, वडिलांचं, आजोबांचं नाव कुठे दिसतंय का ते शोधतोय. त्याच दिवशी टोपलीभर आंबे घरी पोचले. बादशहा कधी बेसनाची रोटी पाठवायचा, तर गालिब तिच्यावरही कविता करायचे. पदार्थ साधाच, आपल्या थालिपीठाच्या जातीचा; पण बादशहाने आपल्या ताटातलं आठवणीने धाडलं याची मिजास मोठी.

तिसरा किस्सा मला सगळ्यात आवडतो. मित्र जमले होते, मौलाना फज्ल-ए-हक खैराबादीही होते. चर्चा चालली होती की चांगला आंबा कशाला म्हणावं. रस, साल, कोय, सुगंध, ज्याने त्याने आपापलं मत मांडलं. हापूस की पायरी यावर आपल्याकडे चालतं तसंच. शेवटी मौलानांनी गालिबांना विचारलं. ते म्हणाले, आंब्यात दोनच गोष्टी हव्यात: गोड असावा आणि भरपूर असावा.

बघा, इथे सगळे हसले असतील आणि पुढची फोड कापली गेली असेल. हे फज्ल-ए-हक साधे गृहस्थ नव्हेत, तर्कशास्त्राचे नावाजलेले पंडित होते. १८५७ च्या उठावात भाग घेतल्याबद्दल इंग्रजांनी त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा दिली, आणि १८६१ मध्ये ते अंदमानातच वारले.

११ मे १८५७ ला मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले आणि सप्टेंबरात इंग्रजांनी शहर परत घेतलं. ते दिवस गालिबांनी ‘दस्तंबू’ या फारसी पुस्तकात लिहून ठेवले आहेत. हे पुस्तक जरा जपून वाचावं लागतं, कारण ते इंग्रज साहेबांनी वाचावं आणि पेन्शन पुन्हा चालू करावी या हेतूनेही लिहिलेलं आहे. पण खाण्यापिण्याचे तपशील त्यात आहेत आणि त्यांत खोटं लिहायचं काही कारण दिसत नाही. गालिबांच्या गल्लीत पतियाळाच्या महाराजांच्या पदरचे हकीम राहायचे, म्हणून महाराजांचे शिपाई पहाऱ्याला आले आणि गल्ली लुटीतून वाचली. रहिवाशांनी गल्लीचं तोंड आतून दगडांनी बंद केलं. पाणी संपलं. मग पाऊस आला तेव्हा चादर बांधून तिच्याखाली घडे ठेवले आणि ते पाणी प्यायले. ऑक्टोबरात धाकटा भाऊ मिर्झा युसूफ वारला. तो बरीच वर्षं वेडाच्या आजारात होता. कफनाला कापड मिळेना, घरातल्या चादरी वापरून दोघाचौघांनी त्याला पुरलं. पेन्शन बंद, किल्ल्याचा पगार बंद. घरातले कपडे, अंथरूण-पांघरूण विकून दिवस काढले. त्यावरही त्यांनी लिहिलं, की लोक भाकरी खातात, मी कापड खातोय. पोटात काही नसताना खाण्यावर विनोद सुचणं ही साधी गोष्ट नाही.

त्या काळात त्यांना ज्यांनी जगवलं, त्यांची नावं ‘दस्तंबू’त आहेत. महेश दास यांनी ऊसाची दारू पाठवली. हिरा सिंग आणि शिवजीराम ब्राह्मण येऊन विचारपूस करत. मुन्शी हरगोपाल तफ्ता यांनी मेरठहून पैसे पाठवले. तफ्ता गालिबांचे लाडके शिष्य. गालिब त्यांना प्रेमाने ‘मिर्झा तफ्ता’ म्हणायचे.

आणि बाकीची पंगत? इमामबख्श सहबाई इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले, मुलांसकट. मुफ्ती सद्रुद्दीन आजुर्दा यांची मालमत्ता जप्त झाली, ग्रंथसंग्रह गेला. हे तेच आजुर्दा, ज्यांनी रमजानात गालिबांना सोंगट्या खेळताना पकडलं होतं आणि म्हणाले होते, या महिन्यात सैतान कोंडलेला असतो असं वाचलंय. गालिब म्हणाले होते, बरोबर आहे, तो कोंडलेला असतो ती खोली हीच. बादशहा रंगूनला गेला आणि तिथेच १८६२ मध्ये वारला. किल्ल्यातल्या बऱ्याच इमारती पाडून तिथे बराकी उठल्या. ओळखीचे इंग्रजही मारले गेले होते, आणि गालिबांनी त्यांच्यासाठीही शोक केला. एका पत्रात त्यांनी लिहिलंय, की इतके मित्र मेले आहेत की उद्या मी मेलो तर रडायलाही कुणी उरलेलं नाही.

नवाब मुस्तफा खान शेफ्तांचं थोडं वेगळं सांगायला हवं. १८४७ मध्ये जुगाराच्या खटल्यात गालिब तुरुंगात गेले, तेव्हा बहुतेक बड्या मंडळींनी तोंड फिरवलं. शेफ्ता मात्र खटल्याचा खर्च करत राहिले, तुरुंगात भेटायला जात राहिले. दहा वर्षांनी पाळी उलटली: १८५७ नंतर शेफ्तांना सात वर्षांची सजा झाली. पुढे अपिलात ते सुटले आणि मेरठला थांबले. हे कळल्यावर साठी ओलांडलेल्या गालिबांना दम निघेना. शेफ्ता दिल्लीला येण्याची वाट न बघता ते डाकगाडीत बसले आणि मेरठला पोचले, १८५९ च्या सुरुवातीला, ऐन थंडीत. चार दिवस राहून परत आले. त्या चार दिवसांत दोघांनी काय खाल्लं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, मला फार जाणून घ्यायला आवडलं असतं.

उरलेल्या मित्रांतलं कुणी पानिपतला, कुणी अलिगढकडे, कुणी लखनौला. आता बैठक जमायची कशी? मिर्झासाहेबांनी ती कागदावर भरवली. पत्रातल्या लांबलचक पदव्या, नमस्कार-चमत्कार सगळं काढून टाकलं आणि समोर बसल्यासारखं बोलायला लागले. मी पत्राचं संभाषण करून टाकलंय, असं ते स्वतःच सांगतात. आज काय जेवलो, पाऊस किती झाला, भिंत कुठली पडली, पिंपात किती उरली आहे. सकाळी बदाम वाटून खडीसाखरेच्या पाण्यातून, दुपारी मटणाचा रस्सा, संध्याकाळी दोन-चार तळलेले कबाब, रात्री मोजून मापून मद्य. आपण व्हॉट्सअॅपवर ताटाचा फोटो टाकतो ना, तेच; फक्त हे शब्दांत आहे आणि दीडशे वर्षांनंतरही वास येतो.

१८५९ पासून रामपूरच्या नवाबांकडून महिना १०० रुपये मिळू लागले, १८६० मध्ये पेन्शनही परत सुरू झाली. चूल नीट पेटू लागली. अशातच कुणीतरी आंबे खायला आपल्या गावी या म्हणून आमंत्रण दिलं. गालिबांनी उत्तरात आपल्या आंबे खाण्याची पद्धत सविस्तर कळवली आहे. तरुणपणी दिवस कलताना बसायचो आणि पोट तट्ट फुगेपर्यंत खायचो. आता वेळ तीच आहे, पण दहा-बारांच्या वर जात नाहीत. आंबे मोठे असले तर सहा-सातच. हाय, काय दिवस होते!

सहा-सात! इथे मे महिन्यात पेटी आल्याचा मेसेज आला की आम्ही दोन कुटुंबांत एक वाटून घेतो आणि बाठे कुणाला यावर मुलांची भांडणं सोडवतो. तीही नशिबाने. अमेरिकेत १९८९ पासून भारतीय आंब्याला बंदी होती. ती २००७ मध्ये उठली आणि पहिला माल आला तो आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रातून, किडीसाठी किरणांचा मारा करून. बंदीच्या काळात इथे राहिलेली आपल्या मंडळातली ज्येष्ठ मंडळी डब्यातल्या आमरसाबद्दल काय बोलतात ते छापण्यासारखं नाही.

पत्रं छापायची कल्पना १८५८ मध्ये निघाली तेव्हा गालिबांनी साफ नकार दिला होता. त्यांनी स्वतः नकलाही ठेवल्या नव्हत्या. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप शून्य. पत्रं वाचली ती ज्यांना आली त्यांनी जपून ठेवली म्हणून: तफ्तांनी सिकंदराबादला, मीर मेहदी मजरूहांनी पानिपतला, आणि असेच ठिकठिकाणी. ती गोळा करून पहिला संग्रह ‘ऊद-ए-हिंदी’ ऑक्टोबर १८६८ मध्ये निघाला. १५ फेब्रुवारी १८६९ ला गालिब गेले. दुसरा संग्रह ‘उर्दू-ए-मुअल्ला’ छापखान्यातून बाहेर आला तो त्यानंतर, मार्चमध्ये.