सहा क्रमांकाची हिरवी जर्सी

१२ नोव्हेंबर १९९१ रोजी आमच्या ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग मैदानावर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात एकदिवसीय क्रिकेटचा सामना झाला. दोन दशकांहून अधिक काळ चाललेला बहिष्कार उठल्यावर दक्षिण आफ्रिकेने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पहिले पाऊल टाकले ते दोनच दिवस आधी, कोलकात्यात. आणि दुसरे आमच्या गावात. आम्ही तेव्हा तिशीत होतो, राज्य शासनाच्या नोकरीत होतो, आणि बंदोबस्ताच्या कामाच्या निमित्ताने मैदानावर हजर होतो. भारत ३८ धावांनी जिंकला. पाहुण्यांनाही लोकांनी भरभरून टाळ्या दिल्या. संध्याकाळी मोठ्या उत्साहाने सारी हकीकत वडिलांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, "पाहुण्यांचे अकराही गडी गोरेच होते ना रे?"

होते. आम्हांला उत्तर सुचले नाही. ज्या देशात जाण्यास आपला पासपोर्ट चालत नसे, ज्याच्याशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता (१९४६), ज्याच्याशी खेळायचे नाही म्हणून १९७४ साली आपण डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीवर पाणी सोडले, त्या देशाचे स्वागत करताना हा प्रश्न आमच्या मनातही आला नव्हता. पुढे डिसेंबर २००९ मध्ये क्लिंट ईस्टवुड या दिग्दर्शकाचा 'इन्व्हिक्टस' हा चित्रपट आला. तो पाहताना वडिलांचा तो प्रश्न पुन्हा आठवला, आणि निवृत्तीनंतर त्या विषयावर जे वाचन घडले त्याचे सार वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

चित्रपटाची कथा थोडक्यात अशी. सत्तावीस वर्षांचा कारावास भोगून नेल्सन मंडेला १९९४ साली दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष होतात. देश काळ्या-गोऱ्यांत दुभंगलेला आहे. १९९५ ची रग्बी विश्वचषक स्पर्धा त्यांच्याच देशात भरणार असते. गोऱ्यांचा लाडका आणि काळ्यांना नकोसा असलेला संघ साऱ्या देशाचा व्हावा, असे मंडेला मनावर घेतात. कर्णधार फ्रान्स्वा पिनार त्यांना साथ देतो, संघ जिंकतो आणि देश एक होतो. मंडेलांच्या भूमिकेत मॉर्गन फ्रीमन आणि पिनारच्या भूमिकेत मॅट डेमन आहेत. दोघांनाही ऑस्करची नामांकने मिळाली. चित्रपट जॉन कार्लिन या पत्रकाराच्या २००८ सालच्या पुस्तकावर आधारलेला आहे. तो उत्तम आहे, डोळे ओलावतात, हे आम्ही आधीच कबूल करतो. परंतु चित्रपटाला दोन तासांत शेवट करावा लागतो. इतिहासाला तशी सक्ती नसते.

रग्बी म्हणजे अंडाकृती चेंडूचा, अंगाला अंग भिडवून खेळावयाचा धसमुसळा खेळ. तो इंग्रजांनी आणला, पण दक्षिण आफ्रिकेत तो आपला मानला आफ्रिकानरांनी, म्हणजे डच वंशाच्या बोअर शेतकऱ्यांच्या वारसांनी. १९०६ साली संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला तेव्हापासून 'स्प्रिंगबॉक' हे उड्या मारणारे हरीण त्याचे चिन्ह झाले. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली, वंशविभाजनाचे कायदे झाले, आणि त्या हरणावर केवळ गोऱ्यांचा हक्क आहे यावर सरकारी शिक्का बसला. मैदानात काळ्या प्रेक्षकांसाठी वेगळा कोपरा राखलेला असे. तेथे उभे राहून ते आपल्याच देशाच्या प्रतिस्पर्ध्याच्या नावाने जयघोष करीत. न्यूझीलंडच्या संघात मूळचे माओरी खेळाडू असत. तेही या राज्यकर्त्यांना चालत नसत. अखेर १९७० मध्ये माओरींना प्रवेश मिळाला तो 'मानद गोरे' ठरवून! कायद्याने माणसाचा रंग बदलण्याची ही शक्कल वाचून हसावे की रडावे हे कळत नाही.

या राजवटीला खेळाच्या मैदानात वाळीत टाकण्याची चळवळ हा चित्रपटात जेमतेम डोकावणारा, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा अध्याय आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचे दार दक्षिण आफ्रिकेला बंद झाले. १९७६ मध्ये न्यूझीलंडने तेथे रग्बीचा दौरा केला म्हणून आफ्रिकेतील वीसहून अधिक देशांनी मॉन्ट्रियल ऑलिंपिककडे पाठ फिरवली. १९८१ मध्ये स्प्रिंगबॉक संघ न्यूझीलंडला गेला तेव्हा हॅमिल्टन येथे निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द करावा लागला. ऑकलंडच्या सामन्यात तर विमानातून मैदानावर पिठाच्या पिशव्या टाकण्यात आल्या. १९८७ आणि १९९१ च्या पहिल्या दोन विश्वचषक स्पर्धा दक्षिण आफ्रिकेविना पार पडल्या. ज्या आफ्रिकानराला राजकीय ठरावांची फिकीर नव्हती, त्याला शनिवारची रिकामी दुपार बोचू लागली. मंडेलांच्या हाती रग्बीची किल्ली आली ती त्यांना खेळ आवडत होता म्हणून नव्हे. हजारो अनाम माणसांनी वर्षानुवर्षे ते दार कुलूपबंद ठेवले होते, म्हणून ती किल्ली मोलाची ठरली.

दार उघडल्यावर काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. १५ ऑगस्ट १९९२ रोजी जोहान्सबर्गच्या एलिस पार्क मैदानावर न्यूझीलंडशी सामना झाला. वाटाघाटी चालू होत्या, वस्त्यांतून रक्त सांडत होते. जुने राष्ट्रगीत आणि जुना ध्वज यांचे प्रदर्शन करू नये आणि हिंसाचारात मेलेल्यांसाठी क्षणभर स्तब्ध उभे राहावे, अशी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची अपेक्षा होती. त्या शांततेच्या क्षणीच हजारो गोऱ्या प्रेक्षकांनी जुने राष्ट्रगीत गायले आणि जुने ध्वज नाचवले. तीन वर्षांनी ज्या मैदानावर मंडेलांच्या नावाचा गजर व्हायचा होता, तेच हे मैदान. चित्रपटात हा प्रसंग नाही. तो असता तर मंडेलांनी काय पत्करले होते हे अधिक कळले असते.

अशा लोकांशी कसे वागावे? विजेत्याला सुचणारा पहिला उपाय म्हणजे त्यांची चिन्हे पुसून टाकणे. बहुसंख्य जनतेला ते हरीण म्हणजे अपमानाची खूण वाटत होती, आणि ते वाटणे अगदी रास्त होते. नव्या राजवटीत इतर खेळांनी 'प्रोटिया' हे फूल स्वीकारले. रग्बीचे हरीण मात्र राहू द्यावे, असा मंडेलांनी आग्रह धरला. जर्सीवर हरणाच्या जोडीला प्रोटियाही आले. राष्ट्रगीताचेही तसेच. १९९४ मध्ये काळ्या जनतेचे प्रार्थनागीत आणि गोऱ्यांचे जुने गीत अशी दोन्ही राष्ट्रगीते ठरली. १९९७ मध्ये त्यांचे एकच, पाच भाषांतले गीत झाले. मंडेला तुरुंगात आफ्रिकानरांची भाषा शिकले होते, त्यांचा इतिहास वाचला होता. पहारेकऱ्यांशी बोलता बोलता रग्बीचे महत्त्व त्यांनी ओळखले होते. ज्याला हरवले त्याच्या गळ्यातला ताईत काढून घेतला तर तो शत्रूच राहील, आणि ठेवू दिला तर आज ना उद्या नागरिक होईल, हा त्यांचा हिशेब होता. त्यात भाबडेपणा नव्हता. मुरब्बी राजकारण होते, आणि त्याची किंमत त्यांनी आपल्याच लोकांच्या नाराजीने मोजली. हरणाची टोपी घालून ते काळ्या समुदायासमोर सभेत उभे राहिले तेव्हा त्यांची हुर्रेही उडवली गेली.

२४ जून १९९५. अंतिम सामना पुन्हा एलिस पार्कवर आणि प्रतिस्पर्धी पुन्हा न्यूझीलंडच. मंडेला मैदानात उतरले ते हिरवी जर्सी आणि टोपी घालून. पाठीवर कर्णधार पिनारचा ६ हा क्रमांक होता. साठ हजारांवर प्रेक्षकांत गोरेच बहुसंख्य होते, आणि त्यांच्याच तोंडून 'नेल्सन, नेल्सन' असा घोष उठला. जोना लोमू हा न्यूझीलंडचा धिप्पाड वीर उपांत्य फेरीत इंग्लंडला एकटा पुरून उरला होता. त्याला या दिवशी एकही ट्राय करू दिला नाही. सामना जादा वेळेत गेला. जोएल स्ट्रान्स्कीने हातातला चेंडू जमिनीवर टाकून, उसळताच लाथेने दोन खांबांमधून धाडला आणि १५-१२ असा विजय मिळाला. पंधराही गुण त्याचेच. नंतर पिनारला विचारले गेले, साठ हजारांच्या पाठिंब्याबद्दल काय वाटते? आमच्या पाठीशी चार कोटी तीस लाख लोक होते, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. १९९२ चे मैदान आणि १९९५ चे मैदान शेजारी ठेवून पाहिले, की तीन वर्षांत काय घडले याची कल्पना येते.

चित्रपटाने काही ठिकाणी सवलत घेतली आहे. मैदानावरून खाली झेपावणारे जंबो विमान पडद्यावर घातपाताची धडकी भरवते. प्रत्यक्षात ते उड्डाण आधी ठरलेले होते. मंडेला पिनारला एका इंग्रज कवीची कविता देतात असे दाखवले आहे, आणि चित्रपटाचे नावही तिचेच. खरे तर त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या भाषणातला उतारा दिला होता. या गोष्टी गौण आहेत. गौण नाही ती गोष्ट वेगळीच. चित्रपट पाहून असे वाटते की रग्बी हा गोऱ्यांचा खेळ आणि काळ्यांना तो मंडेलांनी शिकवला. वस्तुस्थिती अशी की, देशाच्या पूर्व केप भागात मिशनरी शाळांमधून एकोणिसाव्या शतकापासून काळी मुले रग्बी खेळत होती. त्यांचे स्वतंत्र संघ होते, स्पर्धा होत्या. फक्त देशाची जर्सी त्यांच्यासाठी नव्हती. १९९४ मध्ये क्रीडामंत्री झालेले स्टीव्ह त्श्वेते हे त्याच परंपरेतले. रॉबेन बेटावरच्या कारावासातही ते रग्बी खेळले.

१९९५ च्या विजयी संघात गौरेतर खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. उपांत्यपूर्व सामन्यात पश्चिम सामोआविरुद्ध त्याने चार ट्राय केले. स्पर्धेच्या भित्तिचित्रांवर त्याचा चेहरा झळकत होता. पुढे २००२ मध्ये आत्मचरित्रातून त्याने सांगितले, की संघातल्याच सहकाऱ्याकडून आपल्याला वर्णावरून शिव्या ऐकाव्या लागल्या. हे वाचून आफ्रिकेला नावे ठेवण्याआधी आपण आपल्या पाळवणकर बाळूंची आठवण करावी. पुण्याच्या आणि मुंबईच्या हिंदू संघांना या दलित गोलंदाजाने बळी मिळवून दिले. पण चहाच्या वेळी त्यांचे मातीचे भांडे बाहेर, वेगळे असे. बाळू कधी कर्णधार झाले नाहीत. तो मान १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाला. मैदानावर खांद्याला खांदा लावणे सोपे असते, पंगतीला बसवणे कठीण.

दुसऱ्या दिवशीचा सूर्य जुन्याच देशावर उगवला, असे म्हणण्याइतके आम्ही निराश नाही. पण एका सामन्याने देश जोडला, हेही खरे नाही. १९९८ मध्ये रग्बीच्या कारभाराची चौकशी नेमली म्हणून संघटनेचे प्रमुख लुई लुइट यांनी राष्ट्राध्यक्षांनाच न्यायालयात खेचले, आणि मंडेला प्रिटोरियाच्या न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. हरीण राखणाऱ्याला मिळालेली ही परतफेड! लुइट यांना त्याच वर्षी पद सोडावे लागले. पण संघाचा रंग बदलायला वेळ लागला. २००७ मध्ये विश्वचषक पुन्हा जिंकला तेव्हाही अंतिम सामन्याच्या पंधरा जणांत गौरेतर दोनच होते.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज शिंद्यांच्या लष्कराबरोबर किंवा दरबाराच्या चाकरीत येथे आले. आपली भाषा एके काळी दरबाराची भाषा होती, दप्तरात मोडीचे कागद होते. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि राज्यकर्त्यांचे आप्त म्हणवणारे आपण लोकशाहीतले एक लहान अल्पसंख्य झालो. तुलना ताणू नये. आपल्याकडे माणसाला रंगावरून वेगळे कोंडणारे कायदे नव्हते. परंतु सत्ता गेल्यावर कसे राहावे, हा प्रश्न आफ्रिकानरांसारखा आपल्या आजोबांपुढेही होता. त्यांनी हिंदीत कारभार शिकून घेतला. आणि बहुसंख्य समाजानेही आपले गणेशोत्सव, आपली वाचनालये, आपली नावे आपल्याजवळ राहू दिली. शासकीय नोकरीत कितीदा तरी नावे बदलण्याचे कागद आमच्या टेबलावरून गेले. पाटी बदलायला एक दिवस पुरतो. ज्यांची पाटी गेली त्यांच्या मनातला सल मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहतो. म्हणून मंडेलांचे ते हरीण आम्हांला विश्वचषकापेक्षा मोठे वाटते.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मिळायला अठ्ठावीस वर्षे लागली. २ नोव्हेंबर २०१९ रोजी जपानमधील योकोहामा येथे दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला ३२-१२ असे हरवून विश्वचषक जिंकला. कर्णधार होता सिया कोलिसी, पूर्व केपमधल्या गरीब वस्तीतला काळा मुलगा. त्याचा जन्म १६ जून १९९१ चा. माणसाची जन्मतःच वंशावरून नोंद करणारा कायदा रद्द झाला तो दुसऱ्याच दिवशी. मैदानात उतरलेल्या पंधरांत सहा जण गौरेतर होते. जर्सीवर तेच हरीण होते, आणि कोलिसीच्या पाठीवरचा क्रमांक होता ६. चार वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच्याच नेतृत्वाखाली पॅरिसला न्यूझीलंडवर १२-११ अशी मात करून चषक पुन्हा त्यांनी राखला.

२०१९ चा सामना आम्ही घरी दूरदर्शन संचावर पाहिला. वडील आता नाहीत. बक्षीस समारंभात कोलिसीने चषक उंचावला तेव्हा आम्ही नकळत एकेका गड्यावर बोट ठेवून मोजत होतो. नातवाने विचारले, "आजोबा, काय मोजताय?"

त्याला तो प्रश्न समजावून सांगायला बराच वेळ लागला. पण वडिलांना सांगण्यासारखे उत्तर एकदाचे हाती आले होते.