अल्थिया गिब्सनपुढचा दुसरा अडसर

अल्थिया गिब्सनचे नाव निघाले की विम्बल्डन जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू, एवढीच तिची ओळख सांगितली जाते. ती खरी आहे, पण अपुरी आहे. १९५० साली फॉरेस्ट हिल्सवरच्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेचे दार तिच्यासाठी उघडावे म्हणून माजी विजेती अ‍ॅलिस मार्बलला टेनिसच्या मासिकात जाहीर पत्र लिहावे लागले. त्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत गाठ पडली विम्बल्डनविजेत्या लुईस ब्रफशी. निर्णायक सेटमध्ये गिब्सन ७-६ अशी पुढे असताना वादळाने खेळ थांबला आणि दुसऱ्या दिवशी ती ७-९ अशी हरली. पुढे १९५७ आणि १९५८ अशी सलग दोन वर्षे तिने विम्बल्डन आणि अमेरिकन अजिंक्यपद दोन्ही जिंकले, आणि ऐन भरात, एकतिसाव्या वर्षी, हौशी टेनिस सोडले. वर्णभेदाला पुरून उरलेल्या या बाईला मैदानाबाहेर काढले ते हौशी टेनिसच्या नियमांनी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या नियमांनुसार विजेत्याला बक्षिसाची रक्कम घेता येत नसे. १९५७ साली राणी एलिझाबेथच्या हातून तिला चषक मिळाला, न्यूयॉर्कमध्ये कागदी पट्ट्यांच्या वर्षावात मिरवणूक निघाली. घरभाडे मात्र त्यातल्या कशानेच भागणार नव्हते. नियम सर्वांना सारखाच होता, असे यावर म्हणता येईल. कागदावर तो सारखाच होता. पण घरी पैसा असणाऱ्याला तो जाचत नाही. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या रस्त्यावर पॅडल टेनिस खेळत वाढलेल्या मुलीला तो पुरता अडवतो. क्लबात शिकवून पोट भरावे, तर अमेरिकेतले कितीतरी क्लब कृष्णवर्णीयांना उंबऱ्याच्या आत घेत नव्हते. म्हणजे दुसऱ्या अडसरामागे पहिला उभाच होता.

व्यावसायिक झाल्यावर तिला पैसा मिळाला, हेही खरे. हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या बास्केटबॉल सामन्यांआधी ती कॅरोल फेगेरॉससोबत प्रदर्शनीय टेनिस खेळली. पण एकदा व्यावसायिक ठरलेल्याला विम्बल्डन बंद, आणि पुरुषांसाठी होते तसे व्यावसायिक दौरे स्त्रियांना जवळजवळ नव्हतेच. तिने गाण्याची तबकडी काढली, चित्रपटात काम केले, १९६४पासून गोल्फच्या व्यावसायिक स्पर्धा खेळल्या. याला लोक कौतुकाने अष्टपैलूपणा म्हणतात. मला त्यात पोटासाठीची वणवण दिसते. विम्बल्डन व्यावसायिकांना खुले झाले १९६८ साली. त्या वर्षीच्या विजेतीला ७५० पौंड मिळाले. गिब्सन तेव्हा चाळिशीत होती.