हरिभाऊंची आठवड्याची शाळा

श्रोतेहो, लेखक हा जन्मावाच लागतो, असे आपल्याकडे म्हणतात. ह्या एका समजुतीपायी खेड्यातली कितीतरी चांगली लिहिणारी मुले लेखणी खाली ठेवतात. "आपल्या अंगात ते नाही" असे मनाने घेतले, की संपलंच! अशा मुलांना आणि त्यांच्या मास्तरांना हरि नारायण आपटे ह्यांची हकिगत सांगण्याजोगी आहे.

हरिभाऊंचा जन्म 1864 साली खानदेशात पारोळ्यास झाला. आई लहानपणीच गेली. पुढे पुण्यास चुलत्यांच्या एकत्र कुटुंबात ते वाढले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकरांसारखे गुरू लाभले. संस्कृत-इंग्रजी वाचनाचे वेड लागले. गणिताशी मात्र जमले नाही आणि पदवी हाती आली नाही.

पण त्यांचा अभ्यास पाहा. 1883 साली आगरकरांनी 'हॅम्लेट' नाटक 'विकारविलसित' ह्या नावाने मराठीत आणले. हरिभाऊ तेव्हा नुकते कुठे कॉलेजच्या वयाला आलेले. त्यांनी त्यावर 72 पानांची टीका लिहिली! एवढी टीका लिहायची म्हणजे मूळ शब्द नि मराठी शब्द शेजारी ठेवून तोलावे लागतात. सुताराचे पोर आधी रंधा धरायला शिकते, तसेच हे.

1885 साली 'मधली स्थिती' ही त्यांची पहिली कादंबरी 'पुणे वैभव' पत्रातून येऊ लागली. साचा रेनॉल्ड्स ह्या इंग्रज कादंबरीकाराचा, पण माणसे आपल्या पुण्याची. उसन्या साच्यावर हात बसला.

खरी शाळा पुढेच. 1890 साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले. आठवडा भरला की अंक निघायचा, आणि कथेचा पुढचा भाग त्यात हवाच. स्फूर्तीची वाट पाहायला सवड कुठली? ह्याच पत्रातून 1890 ते 1893 पर्यंत 'पण लक्षात कोण घेतो?' प्रसिद्ध झाली. तिच्यात यमू ही विधवा आपली कहाणी स्वतःच सांगते. पंडिती भाषा येत असूनही हरिभाऊंनी इथे ती बाजूला ठेवली आणि माजघरातले बोलणे कागदावर आणले. घरात वावरताना कान उघडे होते, म्हणूनच ते साधले. मग 1895 पासून 'उषःकाल' ही शिवकालावरची कादंबरी आली.

ह्या घाईची किंमतही द्यावी लागली, बरं का. कुठे पाल्हाळ झाला, आणि 'गणपतराव'सारखी कादंबरी अपुरीच राहिली. पण आनंदाश्रमाचा कारभार आणि सार्वजनिक कामे सांभाळून त्यांनी पाव शतकाहून अधिक काळ हे पत्र चालवले. 1919 साली ते वारले, तेव्हा मराठी कादंबरी पुष्कळ पुढे गेलेली होती.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, दर शनिवारी मुलांकडून एकच पान लिहून घ्या. विषय साधा असावा: पाणवठ्यावरचे बोलणे, बाजारातली घासाघीस, आजीने सांगितलेली हकिगत. ऐकले तसे लिहू द्या. चुका दाखवा, पण पान फाडू नका. आणि पुढच्या शनिवारी दुसरे पान मागायला विसरू नका. पहिले पान कसेही असो, विसावे पान पाहा. मुलाचा हात वळू लागल्याचे तुम्हालाच दिसेल.