इलेइस सिंक्टा

इलेइस सिंक्टा हा कॉक्सिनेलिडी कुलातील, म्हणजेच ढालकिड्यांच्या कुलातील, पिवळ्या रंगाचा बुरशीभक्षक भुंगेरा आहे. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी १७९८ मध्ये या जातीचे वर्णन केले. भारतात ती अनेक राज्यांत आढळते.

वर्णन
प्रौढ भुंगेरा सुमारे ४ ते ५ मिमी लांब असतो. पाठीवरचे कठीण पंख चकचकीत पिवळे असून त्यांवर ठिपके नसतात. डोक्यामागील फिकट ढालीवर दोन काळे ठिपके दिसतात. अळी फिकट पिवळसर असून तिच्या अंगावर काळ्या ठिपक्यांच्या रांगा असतात.

आहार व जीवनक्रम
बहुतेक ढालकिडे मावा, पिठ्या ढेकूण यांसारख्या किडी खातात. इलेइस सिंक्टाची अळी व प्रौढ मात्र भुरी रोगाच्या बुरशीचे तंतू आणि बीजाणू खातात. मादी बुरशी असलेल्या पानांवर अंडी घालते. अंडी, अळीच्या चार अवस्था, कोष आणि प्रौढ असा त्याचा जीवनक्रम असतो. तुती, भेंडी, सूर्यफूल व वेलवर्गीय पिकांवर हा कीटक दिसतो.

पर्यावरणीय व कृषिविषयक महत्त्व
भुरीच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पानावर पाण्याचा थर लागत नाही. त्यामुळे कोरड्या हवेतही हा रोग पसरतो. तुतीमध्ये पानांच्या खालच्या बाजूस पांढरे चट्टे पडतात, पानांची प्रत घसरते आणि त्याचा परिणाम रेशीम अळ्यांच्या वाढीवर होतो. रेशीम अळ्या रसायनांना संवेदनशील असल्याने तुतीवर फवारणीस मर्यादा येतात. म्हणून बीड जिल्ह्यासारख्या रेशीमशेती होणाऱ्या भागात अशा नैसर्गिक बुरशीभक्षकांना महत्त्व आहे. तथापि, हा भुंगेरा बुरशी वाढल्यानंतरच पिकावर येतो. त्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबून रोग पूर्णपणे आटोक्यात येत नाही.

हड्डा भुंगेऱ्याशी गल्लत
वांगी व बटाट्याची पाने खाणारा हड्डा भुंगेराही याच कुलातील आहे. तो तांबूस, बारीक केसाळ व २८ ठिपक्यांचा असून त्याने खाल्लेली पाने जाळीदार होतात. इलेइस सिंक्टा पान खात नाही. पानावरील पांढरी भुकटी चाटूनपुसून नाहीशी झालेली दिसते. ही ओळख न पटल्यास उपयुक्त कीटक किडीच्या समजुतीने फवारणीत मारला जातो.

संबंधित जाती
याच गटातील सायलोबोरा प्रजातीचा २२ ठिपक्यांचा पिवळा ढालकिडा युरोपात, तर इलेइस गॅल्बुला ऑस्ट्रेलियात आढळतो. तेही भुरीच्या बुरशीवर जगतात.