सोनगीरच्या चढावर थरार कुठून आला

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून उत्तरेला वीसेक किलोमीटर गेलं की सोनगीर लागतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, आणि गावाला खेटूनच किल्ला. सुट्टीच्या दिवशी लळिंग, सोनगीर, भामेर या किल्ल्यांचा बेत आखून भटके इथे येतात. चढ फार नाही. माथा चिंचोळा, तट ढासळलेला, आणि वर एक खोल विहीर. तिच्यात डोकावलं की पोटात गोळा येतो. हा गोळा अनुभवायला हौसेनं डोंगर चढणं मात्र खानदेशात अलीकडचं आहे.

फारुकी, मोगल, मराठे यांच्या काळात गड म्हणजे चाकरी होती. पहारा द्यायचा, पाणी-धान्य वर न्यायचं, वेळ आली तर मरायचं. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तापीकाठच्या थाळनेरवर जनरल हिस्लॉपने हल्ला केला. गडाच्या दारात दोन इंग्रज अधिकारी पडले, मग आतली शिबंदी कापली गेली आणि किल्लेदार तुळशीराम फासावर गेला. अशा जागी मौजेला कोण जाईल?

हौसेचा थरार खानदेशात आला तो शिकारीतून. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम हा इंग्रज अधिकारी भिल्ल पलटण उभारायला आला, तेव्हा तो बाविशीचा होता. पुढच्या दहा वर्षांत तो हजर असताना १९१ वाघ मारले गेल्याची नोंद आहे. शिकारीतल्या धाडसामुळे भिल्लांचा विश्वास त्याने मिळवला, हे खरंच. पण माग कुणी काढला? झाडीत शिरून हाका कुणी घातला? वाघाच्या सर्वांत जवळ पायी उभा असायचा तो भिल्ल, आणि नाव राहिलं साहेबाचं. मला हा अन्याय आजही सलतो. जंगलाची खरी विद्या त्या माणसांची होती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा रस्ता बंद केला. तोवर धाडसाला दुसरी वाट फुटली होती. १९५४ मध्ये मुंबईत गिरिविहार ही गिर्यारोहण संस्था निघाली, दोर लावून कडे चढणं सुरू झालं. गो. नी. दांडेकरांनी लिहून लिहून मराठी घरांना गडांचं वेड लावलं. बंदूक गेली, पाठपिशवी आली. गर्दी मात्र मुंबई-पुण्याजवळच्या गडांवर लोटली. खानदेशातले किल्ले आडबाजूला राहिले. सोनगीर तर हमरस्त्यावर असूनही.

दोर, हेल्मेट, प्रशिक्षित माणूस यांचा आग्रह धरणारं साहसी पर्यटनाचं धोरण राज्याने २०२१ मध्ये आणलं. ते सोनगीरलाही लागू पडतं. तेव्हा आलात तर विहिरीच्या काठावर फोटोसाठी वाकू नका, ढासळत्या तटावर चढू नका आणि वाट दाखवायला गावातलाच माणूस घ्या. त्याला त्याचे पैसे द्या आणि फोटोखाली त्याचं नावही लिहा.